रेटा, हिसका आणि दणका : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की लहान पिस्तूल पुष्कळदा मोठ्या पिस्तुलापेक्षा हाताला जास्त लागतं. त्यावर पत्रं आली, दोन फोन आले, आणि मंडळाच्या हळदीकुंकवात एका बाईंनी मला वाणाच्या ताटाशीच गाठून विचारलं. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयावर.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी मूळची कोल्हापूरची. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहते. पेशाने हातांची थेरपिस्ट, आणि शनिवारी सकाळी एका नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना पिस्तूल धरायला शिकवते. आठवडाभर लोकांचे हात बरे करायचे आणि शनिवारी दुखवायला शिकवायचं, असं आमचे हे म्हणतात.

प्रश्न : मी फार्मसिस्ट आहे, रात्री अकराला दुकान बंद करून पार्किंगमधून एकटी जाते. टेक्ससचा परवाना काढला. दुकानदार म्हणाला, ‘थ्री-एटी सगळ्यात सौम्य, बायकांना तेच द्या,’ म्हणून रूगरचं एलसीपी घेतलं. एक मॅगझिनभर गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात आग पडली. दिरांचं ग्लॉक १९ नऊ मिलिमीटरचं, माझ्यापेक्षा मोठ्या गोळीचं, ते मात्र सुसह्य वाटलं. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? (शुगर लँड, टेक्सस)

मनाचे खेळ नाहीत. दुकानदाराने तुम्हाला अर्धंच सांगितलं. थ्री-एटी हे काडतूस सौम्य आहे हे खरं. ते कशातून झाडायचं ते त्याने सांगितलं नाही.

शाळेत संवेगाचा नियम शिकवताना बंदुकीचं उदाहरण असायचं, आठवतं? गोळी पुढे, बंदूक मागे. तेच गणित मी किराण्याच्या यादीमागे करून बघितलं. नऊ मिलिमीटरची ११५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. ती सेकंदाला ३५० मीटरने निघते. वजन किलोत घेतलं तर गुणाकार २.६. तिच्यामागून जळालेल्या दारूचा वायू सुटतो, तोही पिस्तुलाला मागे ढकलतो, त्याचे ०.४ धरा. झाले तीन. थ्री-एटीची गोळी सहा ग्रॅमची, वेग २९० च्या आसपास, वायूसकट बेरीज दोन. म्हणजे दुकानदार बरोबर : धक्क्याचं मूळ एक तृतीयांशाने कमी.

आता वजन घ्या. भरलेलं ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅम. भरलेलं एलसीपी ३४० ग्रॅम, म्हणजे दोनेक वाट्या साखर. तो धक्का या वजनात मुरायचा असतो, आणि ऊर्जा काढताना संवेगाचा वर्ग करून वजनाच्या दुपटीने भागतात. ग्लॉकला उत्तर येतं ५.३ ज्यूल. तुमच्या ‘सौम्य’ एलसीपीला ५.९. काडतुसाच्या कंपनीप्रमाणे अर्धा ज्यूल इकडेतिकडे होईल, पण क्रम बहुधा तोच राहील.

आणि हे झालं कागदावरचं. हाताला जे वाटतं ते आणखी वेगळं. इंग्रजीत सगळ्यालाच रिकॉइल म्हणून मोकळे होतात. मराठी माणूस वर्गात आला की मी त्याला तीन शब्द देते. एक रेटा : गर्दीच्या एसटीत मागचा माणूस ढकलतो तसा, जोर भरपूर पण येतो सावकाश. दुसरा हिसका : कालवड उसळली की दावं तळहात सोलत जातं तसा, जोर थोडा पण क्षणात. तिसरा दणका, तो वर्णन करून सांगायला नको. पॉइंट फोर्टी-फाइव्हचं (हे ‘पॉइंट’वाले आकडे म्हणजे गोळीची ढोबळ जाडी, इंचात) जुनं १९११ पिस्तूल अकराशे ग्रॅमचं पोलाद असतं. भरलं की त्याचा हिशोब पावणेसात ज्यूलवर जातो, म्हणजे तुमच्या एलसीपीपेक्षा थोडा जास्तच. तरी ते रेटा देतं. त्या काडतुसातला दाब २१,००० पीएसआयपर्यंतच असतो, नऊ मिलिमीटरमध्ये ३५,०००. वर त्याची मूठ रुंद, चापाचं बोट सोडून तिन्ही बोटं मावतात. सिगचं पी-३६५, आजकाल कमरेला लावायला सगळ्यांना हवं असलेलं, नऊ मिलिमीटरमध्ये सव्वासात ज्यूल देतं, आणि ते हिसक्याने देतं.

मुठीचं महत्त्व पटत नसेल तर भाजीची पिशवी आठवा. पाच किलो भाजी कापडी रुंद बंदाच्या पिशवीतून आणा आणि तीच नायलॉनच्या दोरीच्या पिशवीतून आणा. वजन तेच, पण दोरी बोटात रुतते. एलसीपीची मागची कड ती नायलॉनची दोरी आहे. तुमचं बेचकं जळलं ते त्याने. शिवाय त्याच्या मुठीत दोनच बोटं धड बसतात, करंगळी बाहेर लटकते, मग पिस्तूल प्रत्येक गोळीला हातात फिरतं आणि पुढच्या गोळीआधी पकड नव्याने बसवावी लागते.

वजन हेच सगळं, असंही समजू नका. वॉल्थरचं पीपीके थ्री-एटीचंच, चांगलं पोलादी, एलसीपीच्या दुपटीहून जड. गणिताने ते मऊ निघायला हवं. प्रत्यक्षात चांगलं चावतं. कारण त्यात नळी पक्की बसवलेली, कुलूप नाही. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, सरळ मागे धावते, तिला अडवायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. एलसीपी, ग्लॉक यांच्यात नळी आणि स्लाइड थोडा वेळ एकमेकांत अडकून मागे जातात आणि मग सुटतात, त्या भानगडीत हिसका जरा पसरतो. पीपीकेने माझ्या एका विद्यार्थ्याच्या अंगठ्यामागे दोन समांतर लाल रेघा ओढल्या होत्या, फूटपट्टी लावून ओढल्यासारख्या. मूठ उंच धरली होती बिचाऱ्याने, म्हणजे मी शिकवलं तशीच.

आता तुम्ही करायचं काय? एलसीपी विकायची घाई नको. ते भरपूर वागवायचं आणि थोडं झाडायचं पिस्तूल आहे. खिशात काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण शिकायला नको. रेंजवर भाड्याने दोन घेऊन बघा : ग्लॉक ४२, त्याच थ्री-एटीचं, पण भरल्यावर साडेचारशे ग्रॅमचं, हिशोब साडेचार ज्यूल. आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, थ्री-एटीतच, तीन-साडेतीन ज्यूल. भाड्याने घेतलं की लोक पाच गोळ्या झाडतात आणि ‘छान आहे’ म्हणतात. पाच गोळ्या कुणालाही झाडता येतात. पन्नास झाडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना मनगट काय म्हणतं ते बघा.

एक विचारलेलं नाही ते सांगते. पर्समध्ये सुटं ठेवू नका. चाप झाकणारं कडक होल्स्टर, वेगळा कप्पा, आणि पर्स खुर्चीला टांगून कधीही उठायचं नाही. शिवाय आपल्या मंडळांचे गणपती शाळांची सभागृहं भाड्याने घेऊन होतात. शाळेच्या इमारतीत शस्त्र नेणं इथे गुन्हा आहे, परवाना असला तरी. आरतीला जाताना ते गाडीतल्या कुलपाच्या पेटीतही नको, सरळ घरीच राहू द्या.

प्रश्न : माझ्याकडे पॉइंट फोर्टीचं ग्लॉक २३ आहे. मित्र म्हणतात नऊ मिलिमीटर म्हणजे नाजूक काम. पण माझ्या गोळ्या सगळ्या डावीकडे खाली जातात आणि बायको त्याच रेंजवर नऊ मिलिमीटरने माझ्यापेक्षा चांगली झाडते. नेमाची साइट वाकडी असेल का? (प्लेनो, टेक्सस)

साइट सरळ आहे. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जातात, तेव्हा बहुतेक वेळा तो गोळी सुटायच्या आधीच दचकलेला असतो.

माझ्या वर्गात असंच एक जोडपं आलं होतं. नवरा सहा फूट, जिममध्ये जाणारा. बायको हडकुळी, आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल धरलेली. मी दोघांच्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत खोटी मिसळली, कुठली कधी येईल हे त्यांना माहीत नाही. खोटं आलं की आवाज नाही, धक्का नाही, नुसता ‘टक’. त्या वेळी नळी हलता कामा नये. बायकोच्या हातातली नळी जागच्या जागी राहिली. नवऱ्याच्या हातातलं पिस्तूल त्या ‘टक’ला चार बोटं खाली झुकलं. बाई म्हणाल्या, ‘अगंबाई, याच्या पिस्तुलाने मान खाली घातली!’ ते गृहस्थ अजून येतात, आणि आता बरे झाडतात. तेही पॉइंट फोर्टीवालेच होते.

ग्लॉक २३ आणि ग्लॉक १९ बाहेरून जवळजवळ एकच. वजन उन्नीस-बीस. पण १८० ग्रेनच्या पॉइंट फोर्टीचा हिशोब माझ्या कागदावर नऊ ज्यूलच्या जवळ येतो, नऊ मिलिमीटरच्या ११५ ग्रेनचा ५.३. एकाच आकाराच्या पिस्तुलात दीडपटीहून जास्त. आणि दाब तोच ३५,०००, म्हणजे पॉइंट फोर्टी-फाइव्हसारखा रेटा नाही, चांगला जाड हिसका. नळी उसळते, ती खाली आणायला वेळ जातो, आणि मेंदू फार लवकर शिकतो की आता काहीतरी वाईट होणार आहे. मग तो चाप दाबायच्या आधीच हात आखडतो. यात लाजण्यासारखं काही नाही, हाताचं कामच ते आहे. गरम तव्यावरून बोट मागे घ्यायला आपण विचार करत बसत नाही.

तुमच्या मित्रांना पॉइंट फोर्टीची जन्मकथा सांगा. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराला नऊ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो लढत राहिला. एफबीआयने मोठं काडतूस शोधलं, टेन मिलिमीटर. ते पुष्कळ एजंटांच्या हाताला झेपेना, म्हणून त्यात दारू कमी केली. दारू कमी झाल्यावर एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरने ती आखूड केली. १९९० साली पॉइंट फोर्टी बाजारात आलं ते असं, धक्का कमी करता करता. पोलीस खात्यांनी ते डोक्यावर घेतलं. मग नऊ मिलिमीटरच्या गोळ्याच सुधारल्या, आणि २०१५ च्या सुमारास एफबीआय नऊ मिलिमीटरकडे परत आली. कारणांत मोठं कारण हेच होतं, की त्यांची माणसं नऊ मिलिमीटरने जास्त लवकर आणि जास्त अचूक झाडत होती. ते नाजूक असतील तर तुम्हीही व्हायला हरकत नाही.

घरी करायचा उपाय फुकट आहे. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन बाहेर काढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग भक्कम भिंतीकडे नेम धरून पुढच्या साइटवर एक नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. रोज दहा मिनिटं, महिनाभर. पहिल्या आठवड्यात नाणं इतक्यांदा पडतं की घरचे वैतागतात. पुढच्या महिन्यात बायकोचं नऊ मिलिमीटर मागून घ्या. मागताना जरा नम्रपणे.

प्रश्न : मी एच-वन-बीवर आहे. सगळ्यात कमी धक्क्याचं पिस्तूल कोणतं घ्यावं? (ऑस्टिन, टेक्सस)

कुठलंही नाही. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असला तर अपवाद होतो, पण तो अपवाद तुम्हाला लागू पडतो की नाही ते मित्राला किंवा मला विचारू नका, वकिलाला विचारा, आणि कागदावर घ्या. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगतं आणि आपली मुलं फसतात. तो राज्याचा कायदा झाला. केंद्राचा जागेवरच आहे. एवढ्यासाठी ग्रीन कार्डाची रांग घालवू नका.

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची, ग्रीन कार्डवर, आमच्याच घरी राहते. आम्ही दोघं नोकरीला, शेजारी दोन चोऱ्या झाल्या. तिला संधिवात आहे. रिव्हॉल्व्हरला स्लाइड ओढावी लागत नाही म्हणून हलकं पाच गोळ्यांचं थर्टी-एट घ्यावं असं सगळे सांगतात. (अटलांटाजवळ, जॉर्जिया)

हे ‘सगळे’ मला एकदा भेटायचे आहेत.

स्लाइड ओढावी लागत नाही हे खरं. पण रिव्हॉल्व्हरचा चाप? हॅमर (मागचा घोडा) झाकलेल्या लहान रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, तोही एका बोटाने, तोही लांब. आईंना बरणीचं झाकण उघडतं का, ते आधी बघा. माझ्याकडे येणाऱ्या त्यांच्या वयाच्या बायकांत अंगठ्याच्या बुडाचा सांधा सगळ्यात आधी गेलेला असतो, वर्षानुवर्षं पोळ्या लाटून, पिळे पिळून. आणि रिव्हॉल्व्हरचा धक्का नेमका त्या सांध्यावर येऊन बसतो.

अॅल्युमिनियमचं हलकं थर्टी-एट रिकामं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास असतं. साध्या काडतुसाने सव्वासात ज्यूल, ‘प्लस-पी’ म्हणून जास्त दाबाचं येतं त्याने साडेनऊपर्यंत. तेच रिव्हॉल्व्हर पोलादी घेतलं, सव्वासहाशे ग्रॅमचं, तर पाचवर येतं. घरात ठेवायचं तर हलकं कशाला? खिशात थोडंच घालायचंय. आणि कुणी त्याच आकाराचं, त्याहून हलकं, थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नमचं दाखवलं तर दुकानातून बाहेर पडा. तिथे हिशोब वीस ज्यूलच्या पुढे जातो. तो दणका.

झेपेल असं काही आहे का? आहे. शील्ड ईझीची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे. बेरेटाचं टॉमकॅट नावाचं थर्टी-टूचं पिस्तूल येतं, त्याची नळी एका खटक्यावर मागून वर उघडते, काडतूस हाताने आत ठेवायचं आणि नळी मिटायची. स्लाइड ओढायची गरजच नाही. धक्का सव्वादोन ज्यूलच्या आसपास. आणि स्लाइड ओढायची एक रीतही असते. बहुतेक बायका पिस्तूल स्थिर धरून चिमटीने स्लाइड मागे खेचतात, ते चुकतं. डावा तळवा स्लाइडवर वरून पालथा घालायचा, मूठ घट्ट करायची, कोपर अंगाजवळ, आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. कणकेचा गोळा तळव्याने पुढे रेटतो ना, तो जोर. नळी समोर लक्ष्याकडेच, आणि बोट चापाबाहेर. या रीतीने सत्तरीच्या बायकांनी माझ्यासमोर स्लाइड ओढल्या आहेत, आणि नंतर नवऱ्याकडे बघितलं आहे.

पण खरं सांगू? तुमच्या पत्रात आईंना काय हवंय ते कुठेच नाही. त्यांना पिस्तूल नको असेल तर नको. अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, मागच्या दाराला चांगली खिट्टी, लांब स्क्रू घातलेली चौकट, आणि जमलं तर भुंकणारं कुत्रं, याने चोर आधी पळतो. घ्यायचं ठरलंच तर रेंजवर आधी पॉइंट टू-टू द्या त्यांच्या हातात. त्याचा धक्का ज्यूलभर, टिचकी मारल्यासारखा. आवडलं तर पुढचं बघू. आणि नातवंडं असतील तर कुलपाची पेटी पिस्तुलाच्या आधी विकत घ्या.

प्रश्न : बहिणीकडे ह्यूस्टनला आलो असताना तुमचं सदर वाचलं. माझी लक्ष्मी रस्त्याला सराफी पेढी आहे, शस्त्र परवाना आहे, कानपूरचं ‘निर्भीक’ बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर आहे. इथले सगळे नऊ मिलिमीटरबद्दलच बोलतात. आमचं बत्तीस म्हणजे खेळणं का? (पुणे)

खेळणं कुणी म्हणालं? आपल्याकडे नऊ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ते मिळत नाही, म्हणून पिस्तूल असो की रिव्हॉल्व्हर, सगळा बाजार बत्तीसभोवती फिरतो. त्यात एक फायदा दडलेला आहे. बत्तीसचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस इतकं शांत आहे की २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या जागतिक प्रकारात मोठमोठे नेमबाज मुद्दाम तेच वापरत आले.

‘निर्भीक’ २०१४ साली आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. दिल्लीच्या निर्भयावरून नाव ठेवलं आणि बायकांचं रिव्हॉल्व्हर म्हणून गाजवलं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या जवळ होती. भरलेलं धरून माझ्या हिशोबात धक्का सव्वादोन-अडीच ज्यूल. पहिल्या पत्रातल्या दिरांच्या ग्लॉकच्या निम्म्याहून कमी. तेव्हा तुमच्या हाताला काही झालं तर ते धक्क्याने होणार नाही. चाप आणि सवयीचा अभाव, अडचण तिथे आहे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, काडतूस महाग, म्हणून लोक दसऱ्याला शस्त्र पूजेला काढतात आणि परत ठेवतात. झेंडू वाहिल्याने नेम सुधारत नाही. जिल्ह्याच्या रायफल क्लबात नाव घाला, पॉइंट टू-टूवर हात बसवा. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला सुवर्णपदक मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात, टू-टूच्याच पिस्तुलाने. मी हे सांगायची संधी सोडत नाही, माफ करा.

परतीच्या विमानाआधी बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटका. इथल्या रेंजवर बहिणीने नेलं असेल तर जास्तच. खिशाच्या शिवणीत एक काडतूस राहिलं तरी आपल्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आणि मग पेढी सोडून वकिलाच्या दारी.

प्रश्न : रेंजवर कानात कापूस घातला तर चालेल का? पॉइंट टू-टूच तर आहे. (केटी, टेक्सस)

नाही. पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे असतो, कापूस त्याला काहीच नाही. बंदिस्त रेंजवर फोमची बुचं कानात आणि वरून कानटोप्या, दोन्ही. आणि एक गंमत सांगते. ज्यांना धक्का सोसवत नाही असं वाटतं, त्यांच्यातल्या निम्म्यांना खरं म्हणजे आवाज सोसवत नसतो. शेजारच्या लेनवर कुणी मॅग्नम झाडतोय तेव्हा तुमचाही हात दचकतो की नाही? त्याचा धक्का तर तुम्हाला लागत नाही. बुचांवर कानटोप्या चढवल्या की तेच पिस्तूल मऊ लागतं. (निम्म्या हा माझा अंदाज. मोजलेलं नाही.) घरी जाण्याआधी गार पाण्याने आणि साबणाने हात धुवा, शिसं असतं. मधल्या सुट्टीत डब्यातला चिवडा खाणारे मी बघितले आहेत.

प्रश्न : तुम्ही स्वतः काय बाळगता? (हळदीकुंकवातल्या बाई)

ग्लॉक १९. जाड आहे, सलवार-कमीजवर लपत नाही, साडीवर तर प्रश्नच नाही. साडी नेसले की मी ते घरी ठेवते. तरी तेच, कारण त्याच्या शंभर गोळ्या झाडून सोमवारी मला रुग्णांचे हात धरता येतात.

सुरुवातीला तसं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी एका दुकानात मलाही ‘लेडीज’ म्हणून हलकं थर्टी-एट विकलं गेलं, गुलाबी मुठीचं. वर प्लस-पी काडतुसांचं खोकं. मी तेव्हा काहीच विचारलं नाही, थेरपिस्ट असून. रेंजवर पहिल्या गोळीला वाटलं कुणी तळहातावर छडी मारली. दुसरीला डोळे मिटले. पाचवीनंतर मूठ उघडून बघितली तर बेचक्यात रुपयाएवढी जागा लाल झाली होती आणि मधोमध कातडी सुटली होती. मी आजूबाजूला बघितलं, कुणी बघत नाही ना. मग खोक्यात राहिलेली पंधरा काडतुसं बंद केली, आणि सांगायला लाज वाटते, पुढची दोन वर्षं ते रिव्हॉल्व्हर पर्समध्ये घालून हिंडले. एकदाही झाडलं नाही.

शेवटी ते एका पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी घेतलं. त्यांनी आधी ते तळहातावर तोललं, मग गुलाबी मूठ काढून रबराची जाड मूठ बसवली, आणि मला विचारलं, ‘काडतुसं पंधराच कशी उरली?’